जोडीला मानवशास्त्र: मायनर म्हणून काय शिकाल आणि पुढे ते कुठे कामी येईल

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ज्या कंपनीच्या नावाचा अर्थच आपल्या तोंडी ‘छायाप्रत’ होऊन बसला आहे, त्या झेरॉक्सने एक मोठं, अनेक कामं करणारं यंत्र बाजारात आणलं. जाहिरातीत पांढरा कोट घातलेला माणूस सांगायचा की यात अवघड काही नाही, हिरवं बटण दाबा, झालं काम. गिऱ्हाइकांच्या तक्रारी मात्र येत राहिल्या: यंत्र फार किचकट आहे. कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात तेव्हा ल्युसी सचमन नावाच्या मानवशास्त्राच्या विद्यार्थिनी काम करत होत्या. त्यांनी यंत्र उघडून बघण्याऐवजी ते वापरणाऱ्यांकडे बघायचं ठरवलं. केंद्राशी जोडलेल्याच दोघांना यंत्रापुढे उभं केलं, कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रती काढायचं काम दिलं आणि समोर कॅमेरा लावला. दोघं चाचपडले, एकमेकांना विचारू लागले, यंत्राच्या सूचनांचा भलताच अर्थ लावू लागले. त्या दोघांपैकी एक होते अॅलन न्यूवेल, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक आणि संगणकशास्त्रातल्या सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या ट्युरिंग पुरस्काराचे १९७५ चे मानकरी. ती चित्रफीत बघितल्यावर ‘गिऱ्हाइकालाच समजत नाही’ असं म्हणायची कोणाची सोय राहिली नाही.

सचमन यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष साधा होता, पण तोवर कोणी नीट मांडला नव्हता. यंत्र बनवणारे धरून चालतात की माणूस आधी योजना करतो आणि मग पायरीपायरीने ती अमलात आणतो. प्रत्यक्षात माणूस समोर जे घडतंय त्याच्याकडे बघत, अंदाज बांधत, चुकत, पुन्हा सावरत पुढे जातो. योजना त्याला आधाराला असते, पण पाऊल कुठे टाकायचं हे त्या क्षणाची परिस्थिती ठरवते.

लोक काय म्हणतात, लोकांबद्दल आपल्याला काय वाटतं आणि लोक खरोखर काय करतात, या तिन्हींत नेहमीच फट असते. मानवशास्त्र त्या फटीत बसून काम करतं. कॉलेजात हा विषय मायनर म्हणून, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय म्हणून, घ्यावा की नाही, हा प्रश्न बहुतेकदा ‘याने नोकरी मिळेल का’ अशा रूपात विचारला जातो. त्याचं सरळ उत्तर आधीच देतो: एकट्या या मायनरने मिळणार नाही. पण मुख्य विषय हाताशी असेल, तर त्याला ही जोड जितकी मानवते तितकी फार थोड्या विषयांची मानवते. हे असं का, ते समजायला आधी विषयात काय काय येतं ते बघू.

एका नावाखाली चार घरं

मराठीत या विषयाला दोन नावं आहेत. ‘मानववंशशास्त्र’ हे जुनं, ‘मानवशास्त्र’ हे आता जास्त चालणारं. मधला ‘वंश’ गळला ते बरंच झालं, कारण वंशाच्या कल्पनेने या विषयाचं पूर्वी बरंच नुकसान केलं आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

विषयाच्या मुख्य शाखा चार. पहिली जैविक मानवशास्त्र: माणूस नावाचा प्राणी कसा घडला, त्याची हाडं, जनुकं, आजार, माकडांशी असलेलं नातं. १९७४ साली इथिओपियातल्या हदार इथे सापडलेला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा ‘ल्युसी’ नावाच्या मानवपूर्वजाचा सांगाडा या शाखेत येतो. नामशेष मानवजातींच्या जनुकसंचावरच्या कामासाठी स्वांते पेबो यांना २०२२ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही याच शाखेच्या कुंपणाला लागून असलेलं काम. दुसरी शाखा पुरातत्त्व: लोकांनी मागे टाकलेल्या वस्तूंवरून त्यांचं जगणं ओळखणं. जुन्या वस्तीचा उकिरडा पुरातत्त्वज्ञाला अनेकदा राजवाड्याहून जास्त सांगतो.

तिसरी भाषिक मानवशास्त्र. मराठी माणसाला ही शाखा समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जाणार आहोत’ म्हटलं तर ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण जाणार आहोत’ म्हटलं तर तोही आत आला. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारात उभं करायचं हे एक सर्वनाम ठरवतं. भाषेतून नाती, मान आणि अंतर कसं राखलं जातं, हे ही शाखा तपासते.

चौथी शाखा सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र. नातेव्यवस्था, देवाणघेवाण, श्रद्धा, सत्ता, काम, आजारपण, यंत्रं. माणसं एकत्र राहताना जे काही करतात ते सगळं. मायनर घेणाऱ्यांचा बराचसा वेळ इथेच जातो, आणि नोकरीत उपयोगी पडणारं कौशल्यही बहुतेक इथलंच.

समाजशास्त्राहून हे वेगळं कसं, असं विचारलं जातं. सीमारेषा पुसट आहे आणि दोन्हीकडचे लोक रोज ती ओलांडतात. ढोबळ फरक इतकाच की समाजशास्त्राचा ओढा मोठ्या समूहांकडे, सर्वेक्षणांकडे आणि आकड्यांकडे जास्त. मानवशास्त्राचा थोड्या माणसांसोबत पुष्कळ काळ राहण्याकडे.

पाहुण्यांनी उभं केलेलं घर

मायनरच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा इतिहासातून येतो. हा विषय उभा केला तो दुसऱ्या विषयांतून आलेल्या लोकांनी. फ्रान्झ बोआस मुळात भौतिकशास्त्राचे. १८८१ मध्ये त्यांनी पाण्याच्या रंगावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. दोन वर्षांनी भूगोलाच्या अभ्यासासाठी ते कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर गेले आणि तिथल्या इन्युइट लोकांमध्ये राहून परतले ते वेगळाच माणूस होऊन. पुढे अमेरिकेतल्या मानवशास्त्राची घडीच त्यांनी बसवली. आल्फ्रेड हॅडन प्राणिशास्त्रज्ञ होते. १८८८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत सागरी जीव बघायला गेले आणि किनाऱ्यावरच्या माणसांत गुंतले. १८९८ मध्ये ते तिथेच मोहीम घेऊन गेले, तेव्हा सोबत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. लोकांकडून वंशावळी पद्धतशीरपणे लिहून घेण्याची रीत या डॉक्टरांनी तिथे बसवली. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनीही तरुणपणी गणित, भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकलं होतं.

म्हणजे दुसऱ्या विषयाची शिदोरी घेऊन इथे येणं हा या विषयाचा जुनाच रिवाज आहे. मायनरचा विद्यार्थी त्याच वाटेने येतो.

नेमकं शिकवतात काय

मायनर म्हणजे बहुतेक ठिकाणी पाच-सात पेपर. एक-दोन प्राथमिक ओळखीचे, एखादा सिद्धांतांचा, एखादा संशोधनपद्धतीचा आणि उरलेले आवडीचे. यातला पद्धतीचा पेपर सोडून बाकी सगळं विसरलात तरी चालेल, असं मी थोडं वाढवून म्हणेन.

त्या पद्धतीचं नाव सहभागी निरीक्षण. तिची गोष्ट मालिनोव्स्की यांच्यापाशी सुरू होते. १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांत ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले. दुभाष्याला पुढे करून व्हरांड्यात बसून माहिती गोळा करण्याची तेव्हाची पद्धत सोडून त्यांनी लोकांच्या वस्तीत तंबू ठोकला आणि त्यांची भाषा शिकली. तिथे त्यांनी ‘कुला’ नावाची देवाणघेवाण टिपली. शिंपल्यांच्या माळा बेटांच्या साखळीतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, शिंपल्यांची कडी उलट दिशेने. लोक होड्यांतून जिवावर बेतणारा प्रवास करून ती मिळवतात, काही काळ जवळ ठेवतात आणि पुढे देऊन टाकतात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. जवळून बघितल्यावर दिसतं की त्या माळेबरोबर नाव, पत, ओळखी आणि परक्या बेटावरचा हक्काचा आसरा फिरत असतो. प्रवासात खरा व्यापारही होतो, पण तो बाजूने.

हे प्रश्नावली वाटून सापडलं नसतं. ‘तुम्ही या माळा का मिळवता’ या प्रश्नाचं जे उत्तर येतं त्यात ही सगळी व्यवस्था मावत नाही, कारण ती त्या लोकांच्याही डोळ्यांसमोर एका तुकड्यात नसते.

गंमत अशी की याच मालिनोव्स्की यांची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये छापली गेली आणि विषयात खळबळ उडाली. ज्यांच्याबद्दल त्यांनी इतक्या समजुतीने लिहिलं, त्यांच्यावर ते रोजनिशीत चिडलेले, कंटाळलेले, कधी तुच्छतेने बोलणारे दिसले. तेव्हापासून या विषयात एक प्रश्न टाळता येत नाही: बघणारा कोण आहे आणि त्याच्या नजरेवर कसला चष्मा आहे? चांगला अध्यापक पहिल्याच महिन्यात हा प्रश्न विद्यार्थ्यावर उलटवतो.

वर्गातलं काम कसं चालतं, त्याचा एक नमुना. तुम्हाला एखाद्या प्रतीक्षालयात तासभर बसायला सांगतात. वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं, उजव्या पानावर तुमचा अंदाज. ‘एक माणूस वैतागलेला होता’ हे डाव्या पानावर चालत नाही. ‘त्याने दहा मिनिटांत चार वेळा उठून खिडकीशी विचारणा केली’ हे चालतं. पहिल्या दिवशी बहुतेकांचं डावं पान रिकामं राहतं आणि उजवं भरून वाहतं. आपण किती बघतो आणि किती गृहीत धरतो, याचा हिशेब इतक्या रोखठोकपणे दुसरा कोणी मांडून दाखवत नाही.

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये याच मुद्द्यासाठी तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांचा एक दाखला वापरला आणि तो प्रसिद्ध झाला. एका मुलाची पापणी आपोआप लवते, दुसरा मित्राला डोळा मारतो. कॅमेऱ्याला दोन्ही हालचाली सारख्याच. तिसरा दुसऱ्याची नक्कल करतो, तीही तशीच. फरक अर्थाचा आहे, आणि अर्थ समजायला त्या तिघांचं आपसातलं नातं माहीत असावं लागतं. गीर्ट्झ अशा वर्णनाला ‘दाट वर्णन’ म्हणत.

मुलाखत घेण्याचं तंत्र हा दुसरा मोठा लाभ. नवशिका विचारतो, ‘तुम्ही असं का करता?’ माणूस लगेच स्वतःची बाजू मांडू लागतो आणि शोभेल असं कारण देतो. मुरलेला संशोधक विचारतो, ‘गेल्या वेळी हे केलंत तेव्हा काय काय झालं, पहिल्यापासून सांगा.’ आता माणूस गोष्ट सांगू लागतो, आणि कारणं त्या गोष्टीतून आपोआप गळू लागतात. मग गप्प बसायचं. समोरचा थांबला की चार-पाच सेकंद काही न बोलता राहणं ही शिकायलाच लागणारी गोष्ट आहे, आणि बऱ्याचदा कामाचं वाक्य त्या शांततेनंतर येतं.

आजार, हाडं, यंत्रं

उपयोग कुठे होतो ते सगळ्यात स्पष्ट दिसतं आरोग्याच्या क्षेत्रात. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाची साथ पसरली. ती संपेपर्यंत ११ हजारांहून जास्त माणसं गेली. इबोलाने मेलेल्या माणसाचं शरीर अत्यंत संसर्गजन्य असतं, आणि तिथल्या अनेक समाजांत मृताला अंघोळ घालणं, स्पर्श करून निरोप देणं हा अंत्यविधीचा भाग होता. वैद्यकीय पथकांनी शास्त्राला धरून पाऊल उचललं: अंगभर संरक्षक पोशाख घालून यायचं, मृतदेह पिशवीत घालून न्यायचा. परिणाम उलटा झाला. लोक आजारी माणसं आणि मृतदेह लपवू लागले, पथकांवर हल्ले झाले.

गिनीमधला एक प्रसंग या काळातला. एक गर्भवती स्त्री दगावली. तिच्या समाजाच्या समजुतीप्रमाणे गर्भ पोटात असताना तिला पुरणं म्हणजे सगळ्यांवर अरिष्ट ओढवून घेणं. गर्भ काढण्यासाठी शस्त्रक्रिया करणं म्हणजे डॉक्टरांच्या जिवावर बेतणारं. दोन्ही बाजू आपापल्या जागी अडून बसल्या. जागतिक आरोग्य संघटनेसोबत काम करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ जुलियेन अनोको यांनी जाणत्या वृद्धांकडे चौकशी केली की नियम मोडावाच लागला तर तुमच्या परंपरेत परिमार्जन काय आहे. प्रायश्चित्ताचा विधी होता. तो करवून घेतला गेला, खर्च संघटनेने दिला, आणि शरीराला हात न लावता दफन झालं. नोव्हेंबर २०१४ मध्ये संघटनेने दफनाची जी नवी नियमावली काढली तिच्यात ‘सुरक्षित’ या शब्दाबरोबर ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द आला, आणि कुटुंबाला व धर्मगुरूंना प्रक्रियेत स्थान मिळालं.

वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, सार्वजनिक आरोग्य यांपैकी काही मुख्य विषय असेल तर वैद्यकीय मानवशास्त्राचा पेपर डोळे मिटून घ्या. रुग्ण औषध अर्धवट का सोडतो हा प्रश्न तुम्हाला आयुष्यभर पुरणार आहे. पॉल फार्मर आणि जिम योंग किम यांनी वैद्यक आणि मानवशास्त्र दोन्हींत उच्च शिक्षण घेतलं. १९८७ मध्ये हैतीतल्या गरिबांसाठी ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था काढणाऱ्यांत हे दोघे होते. किम पुढे २०१२ ते २०१९ या काळात जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. त्या पदाच्या वाटेवर मानवशास्त्र लागेल असं सहसा कोणी सुचवत नाही.

संगणक आणि डिझाइनचं क्षेत्र हे दुसरं. सचमन यांची चित्रफीत ही सुरुवात होती. १९९८ मध्ये इंटेल कंपनीने जेनेव्हिव्ह बेल या मानवशास्त्रज्ञ बाईंना नोकरीवर घेतलं. त्यांनीच पुढे सांगितलेली आठवण अशी की वरिष्ठांनी दोन बाबतींत मदत मागितली: एक, स्त्रिया; म्हणजे जगातल्या सगळ्या. दोन, अमेरिका सोडून उरलेलं जग. ‘तेवढं जरा समजावून सांगा.’ हसू येतं, पण कंपन्यांना आपण कोणासाठी वस्तू बनवतो हे किती थोडं ठाऊक असतं याचा तो प्रामाणिक कबुलीजबाब होता. आज या कामाला ‘यूझर रिसर्चर’ किंवा ‘यूएक्स रिसर्चर’ म्हणतात. उद्योगात एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांच्या जगण्याचं वर्णन, करणाऱ्या अशा अभ्यासकांची स्वतःची आंतरराष्ट्रीय परिषद २००५ पासून भरते. संगणकशास्त्र मुख्य आणि मानवशास्त्र जोडीला, ही मला आजची सगळ्यात कसदार जोडी वाटते. पडद्यावरचं बटण कुठे असावं हे सांगणारे पुष्कळ असतात. ते बटण बघून माणूस घाबरतो का, हे दोन तास शेजारी बसून शोधणारे कमी.

तिसरं क्षेत्र हाडांचं. मालिकांमुळे याबद्दल बरंच आकर्षण आहे, आणि बराच गैरसमजही. न्यायसहायक मानवशास्त्रज्ञ सांगाड्यावरून वय, लिंग, उंची, जखमा यांचा अंदाज बांधतो. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत हजारो माणसं ‘बेपत्ता’ झाली. राजवट गेल्यावर निनावी कबरी उकरायची वेळ आली तेव्हा १९८४ मध्ये क्लाइड स्नो हे अमेरिकी तज्ज्ञ तिथे गेले. प्रस्थापित तज्ज्ञ पुढे यायला कचरत होते. पुढे आले ते विद्यार्थी, कोणी मानवशास्त्राचे, कोणी पुरातत्त्वाचे, कोणी वैद्यकाचे. स्नो यांनी त्यांना घडवलं आणि त्यातून उभं राहिलेलं अर्जेंटिनाचं न्यायसहायक मानवशास्त्र पथक पुढे जगात अनेक देशांत बोलावलं गेलं. १९९७ मध्ये बोलिव्हियात चे गव्हेराचे अवशेष ओळखण्याच्या कामातही ते होतं. हे वाचून अंगावर रोमांच आले तरी एक लक्षात असू द्या: या कामाला पदव्युत्तर शिक्षण, बहुधा डॉक्टरेट लागते. मायनर इथे फक्त दाराची कडी वाजवून देतं.

पुरातत्त्वाचंही थोडंफार तसंच. अनेक देशांत रस्ता किंवा धरण बांधण्याआधी त्या जागेचं पुरातत्त्वीय सर्वेक्षण करावं लागतं (अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने सरकारी प्रकल्पांना ते लागू झालं), आणि अशा सर्वेक्षणांत उन्हातान्हात खणणारी, मोजमाप करणारी माणसं लागतात. उत्खननाचा एखादा प्रशिक्षणवर्ग केलेला असेल तर संधी मिळते. काम हंगामी असतं आणि गुडघे लवकर दुखू लागतात.

पैशाच्या जगाचा विचार सहसा कोणी करत नाही, म्हणून एक उदाहरण. जिलियन टेट यांनी ताजिकिस्तानातल्या लग्नविधींवर केंब्रिज विद्यापीठात मानवशास्त्राची डॉक्टरेट केली आणि मग त्या ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये पत्रकार झाल्या. २००५ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात बँकवाल्यांच्या एका परिषदेला त्या गेल्या. त्यांना ती परिषद लग्नासारखी दिसली: विखुरलेली टोळी एकत्र येते, आपली खास भाषा बोलते, नाती घट्ट करते. आणि पडद्यावरच्या सगळ्या आलेखांत, सूत्रांत एक गोष्ट कुठेच नव्हती: ज्यांनी कर्जं घेतली ती माणसं. २००८ चं आर्थिक संकट यायच्या आधी कर्जांच्या या व्यवहारांबद्दल इशारा देणाऱ्या मोजक्या पत्रकारांत त्या होत्या. हिशेब त्यांच्याहून चांगला जाणणारे त्या सभागृहात शेकडो होते.

बाकीची क्षेत्रं भराभर सांगतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला रूढी आणि कायदा यांतला ताण समजतो. शिक्षकाला गप्प बसणाऱ्या मुलाचं मौन वाचता येतं. मनुष्यबळ विभागात, संग्रहालयात, विकासकामांच्या मूल्यमापनात, बाजार संशोधनात, अनुवादात ही नजर कामाला येते. लेखक होण्यासाठीही वाईट नाही.

विषयाची काळी बाजू, आणि ती शिकवलीच पाहिजे

हा विषय वसाहतींच्या सावलीत वाढला. राज्य करणाऱ्यांना प्रजेची माहिती हवी होती आणि मानवशास्त्रज्ञ ती पुरवत होते. कवट्या मोजून माणसांची उतरंड लावण्याचा उद्योगही याच विषयाच्या नावाखाली चालला. त्याला उत्तरही आतूनच मिळालं. बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची, मिळून जवळपास १८ हजार जणांची मापं घेऊन १९११ च्या सुमारास दाखवलं की परिसर बदलला की एका पिढीतच डोक्याचा आकारही बदलू शकतो. म्हणजे ‘वंशाची कायम खूण’ म्हणून जे मिरवलं जात होतं ते कायम नव्हतंच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांना त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी कवट्यांच्या असमतेवर, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नसण्यावर, प्रबंधाचा विषय दिला. युरोपीय कवट्या वेगळ्या, म्हणून बुद्धी श्रेष्ठ, अशी फिशर यांची अटकळ होती. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा फरक आढळत नाही असा निष्कर्ष त्याच मार्गदर्शकापुढे ठेवला. फिशर यांचे विचार पुढे नाझींच्या वंशधोरणाला कामी आले, हे लक्षात घेतलं की त्या प्रबंधाचं वजन कळतं.

प्रश्न जुना झालेला नाही. अमेरिकी लष्कराने २००७ मध्ये इराक आणि अफगाणिस्तानात सैन्यासोबत समाजशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ पाठवायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनने त्याला नापसंती दर्शवली. तुमच्याशी मोकळेपणाने बोललेल्या माणसाची माहिती उद्या त्याच्याच विरुद्ध वापरली गेली तर? मोबाइल अॅपसाठी मुलाखती घेणाऱ्यालाही हा प्रश्न लागू आहे. संमती कशी घ्यावी, नाव कसं झाकावं, काय लिहू नये, हे मायनरमध्ये शिकून घ्या. नोकरीत कोणी शिकवायला बसत नाही.

निवड करताना

‘मानवशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच दिसते. अमेरिकेसारख्या मोठ्या देशातही मानवशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ या पदनामाच्या नोकऱ्या सरकारी आकडेवारीत दहा हजारांच्या आत भरतात, आणि त्यांनाही साधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते. तेव्हा पदनामाच्या मागे जाऊ नका. जाहिरातीत ‘वापरकर्त्यांच्या गरजा समजणे’, ‘समुदायाशी संवाद’, ‘गुणात्मक संशोधन’ असं काही लिहिलेलं असेल तिथे थांबा.

अर्जात ‘मायनर: मानवशास्त्र’ एवढंच लिहिलं तर वाचणारा पुढे सरकतो. त्याऐवजी केलेलं काम लिहा: ‘ग्रंथालयाच्या वापरावर १२ मुलाखती आणि ३० तासांचं निरीक्षण, रात्री येणारे विद्यार्थी पुस्तकांसाठी नव्हे तर शांत जागेसाठी येतात असं आढळलं, वेळापत्रक बदलण्याची शिफारस.’ हे कोणालाही कळतं. असं लिहिता यावं म्हणून पेपर निवडतानाच बघा की निदान एकात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांमध्ये जाऊन केलेलं निरीक्षण आणि मुलाखती, आहे. फक्त ओळखीचे चार पेपर गोळा करून मायनर पूर्ण होतं, पण हाताला काही लागत नाही. जमलं तर संख्याशास्त्राचा एक पेपर दुसरीकडून घ्या. ‘किती’ आणि ‘का’ या दोन्हींची उत्तरं देणारा माणूस बैठकीत जास्त वेळ ऐकला जातो.

कोणी घेऊ नये? ज्याला प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर लागतं त्याला इथे जीव नकोसा होईल. वाचन भरपूर आहे, लेखन त्याहून जास्त, आणि परकी माणसं गाठून बोलायचं म्हणजे आधी पोटात गोळा येतोच. सोपे गुण मिळतील या आशेने येणारे पहिल्या क्षेत्रनोंदी लाल शाईने भरून परत आल्या की नाराज होतात.

नाव नोंदवण्याआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. पद्धतीचा पेपर मायनरच्या विद्यार्थ्यांना खुला आहे का? काही ठिकाणी तो मुख्य विषयवाल्यांसाठी राखून ठेवतात. क्षेत्रकार्यासाठी नीतिसमितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) परवानगी लागते का आणि तिला किती आठवडे लागतात? आणि तुमच्या मुख्य विषयाच्या प्रकल्पाला इथले कोणी अध्यापक सहमार्गदर्शक होतील का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर बाकीच्या अडचणी सोसण्यासारख्या आहेत.

एक कोरी वही मात्र आजच घ्या. नोंदी फोनवरही करता येतात, पण फोन बाहेर काढला की समोरचा माणूस बोलणं थांबवून आधी वाट बघतो, तुमचं काम कधी संपतंय याची.